सारंगांचं बिनगळतीचं घर

सारंगांच्या घरात सुटी अशी एकही वस्तू नव्हती. पाण्याचा हंडा कोपऱ्यातल्या खुंटीला दोरीनं बांधलेला. कंदील बांधलेला, चुलीवरचा माळा बांधलेला, भिंतीवरचं कॅलेंडर वरून आणि खालून असं दोन्हीकडून बांधलेलं. मी शाळेत शिकवायला गेलेली असताना त्यांनी माझी ट्रंक खाटेच्या पायाला बांधली आणि खाट खिडकीच्या गजाला. संध्याकाळी मला पातळ बदलायचं होतं, तर आधी गाठ सोडवावी लागली, आणि ती मला सुटेना म्हणून सारंगांनाच बोलवावं लागलं. घर मुळशी तालुक्यात, घाटाच्या अलीकडे, चांगल्या मुरमाच्या जमिनीवर होतं आणि बांधल्यापासून तसूभरही हललेलं नव्हतं. मी तसं म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, "हलाया लागल्यावर बांधायचं म्हनलं, तर हात मोकळं ऱ्हात न्हाईत, बाई."

सारंग हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाला सारंग म्हणतात. पंधराव्या वर्षी हे गृहस्थ ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात गेले, तिथून मुंबईच्या गोदीत आणि गोदीतून मालवाहू बोटीवर. पुढं खलाशाचे सारंग झाले आणि गाव त्यांचं खरं नाव विसरून गेलं. बायकोनं तर ते कधी घेतलंच नव्हतं. दोन वर्षांतून एकदा त्यांना दोन महिन्यांची रजा मिळे. ती ते चैत्र-वैशाखात घेत, कारण गावची जत्रा आणि लग्नं तेव्हाच असत आणि पावसात घाटाची वाट बंद होई. लग्न झाल्यापासून अठ्ठावीस वर्षं हे असंच चाललेलं होतं.

मी त्या गावात गेले ती चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये, प्राथमिक शाळेची बाई म्हणून. मी पुण्याच्या पेठेतली. नेमणुकीचा कागद हातात आल्यावर वडिलांनी नकाशात गाव शोधलं, तर ते निळ्या रंगात सापडलं. निम्मं गाव फार पूर्वीच धरणाच्या पाण्यात गेलं होतं आणि उरलेलं टेकडीवर सरकलं होतं. सारंगांचं घर त्यातलं सगळ्यात खालचं, पाण्याच्या काठावरचं. सारंग तेव्हा बोटीवर होते. एकुलती मुलगी मुठे गावाला दिलेली, त्यामुळे घरात आक्का एकट्याच. सगळं गाव त्यांना आक्का म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांनी मला पडवीतली खोली दिली आणि सोबत एक पितळी पातेलं दिलं. पातेलं कशाला ते मला चौथ्या दिवशी कळलं.

मुळशीचा पाऊस मृगात राहायला येतो आणि दसऱ्यापर्यंत हलत नाही. त्या घरात सतरा ठिकाणी गळत असे आणि प्रत्येक गळतीचं भांडं ठरलेलं होतं. हंडा देवळीपाशी, परात उखळापाशी, तांब्या उंबऱ्याजवळ. आक्का अंधारातही न चाचपडता भांडी मांडत आणि भरली की रिकामी करत. स्वतः त्या दोन गळत्यांच्या मधल्या जागेत गुडघे पोटाशी घेऊन निजत. सुरुवातीला मला वाटलं की यांना पोटदुखीचा आजार आहे. जुलैच्या मध्यावर त्यांना खोकला लागला. तो दरवर्षीच लागतो, दिवाळीला जातो, असं त्यांनी मला पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं सांगितलं.

सारंगांना पत्रं मी लिहून देत असे. त्यांची पत्रं यायची ती त्यांच्याच हातची, बोटीवर कुणा सोबत्याकडून अक्षरं शिकलेली, मोठी मोठी आणि एकमेकांपासून फटकून उभी असलेली. उत्तरात आक्का दरवेळी तेच सांगत. घर चांगलं आहे, पाऊस चांगला आहे, भात चांगलं आहे. मी एकदा विचारलं, खोकल्याचं लिहू का. त्या म्हणाल्या, "बोटीवर बसून ते काय करनार हायेत? उगं तितं जीव टांगनीला." मग गळतीचं तरी लिहू का म्हटलं, तर त्याही पुढं गेल्या. "त्यांनी आपलं घर कोरडंच बघितलंय, बाई. ऱ्हाऊ द्या."

त्या वर्षी दिवाळी आली आणि गेली, खोकला गेला नाही. मी आक्कांना एसटीनं पौडाला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मला त्यांची मुलगी समजून बाजूला घेतलं आणि सांगितलं की यांच्या छातीला आता आणखी एक ओला पावसाळा झेपायचा नाही. काहीही करा, पण पुढच्या वर्षी यांना कोरड्यात ठेवा. मी बरं म्हणाले. घरी येऊन मी आक्कांना न विचारता सारंगांना पत्र लिहिलं आणि त्यात खोकला, डॉक्टर आणि सतरा भांडी, सगळं घातलं. त्यांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. फेब्रुवारीत ते कायमचे घरी आले. आक्का माझ्याशी दोन दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. जेवणाचं ताट मात्र वेळेवर आलं.

सारंग ठेंगणे, रुंद खांद्यांचे, खाकी अर्धी चड्डी घालणारे. चालताना पाय फाकवून चालत, तेवढी एक सवय सोडली तर त्यांच्या अंगात घाई, राग, हसू यांपैकी काहीही दिसत नसे. त्या घरात मी त्यांच्यापेक्षा आठ महिन्यांनी जुनी, आणि सारंग ज्येष्ठता मानणारे होते. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "बाई, हितली पद्धत काय हाय?" मी सांगितलं की पद्धत अशी काही नाही. दुसऱ्या दिवसापासून पद्धत सुरू झाली. पहाटे चारला उठणं, अंगण धुणं, दारांना तेल देणं, आणि पुढच्या दाराला आगील आणि मागच्या दाराला पिछील म्हणणं. विहिरीत पोहरा सोडताना ते स्वतःलाच "आरया", म्हणजे खाली सोड, असा बोटीवरचा हुकूम देत आणि मग तो पाळत.

धरणाला ते दर्या म्हणत. सकाळी ओट्यावर उभं राहून आधी पाणी बघायचं, मग वारा, मग चहा. कोंडिबा म्हणून शेजारी होते. त्यांनी एकदा समजावलं की सारंग, हे धरण हाय, ह्यात भरती-ओहोटी काही न्हाई. सारंगांनी पाण्याकडे बघत बराच विचार केला. "हाय की. पावसात भरती, उन्हाळ्यात ओहोटी. वर्साला एक. लई आळशी दर्या हाय ह्यो." त्यावर कोंडिबांनी मान डोलावली. खाऱ्या पाण्याची आठवण काढून सारंग कधी हळहळले नाहीत, पण कुणी घाटाखालून सुके बोंबील आणले की गाठोडं सुटण्याआधी ते हजर असत.

येताना त्यांनी पितळेची एक घंटा आणली होती. बोटीवर दर अर्ध्या तासाला एकेक वाढवत आठपर्यंत टोल देतात, तसे ते ओट्यावरून देऊ लागले. आमची शाळा तिथून शंभर पावलांवर. बरोबर बाराला आठ टोल पडत आणि पहिल्याच टोलाला चारही वर्ग दप्तरं उचलून घरी जात. आठ दिवस हे सहन करून हेडगुरुजी तक्रार घेऊन गेले. सारंगांनी उभं राहून, हात मागं बांधून ती ऐकून घेतली आणि शेवटी नम्रपणे सांगितलं की शाळेचं घड्याळ सात मिनिटं मागं आहे. ते होतंच. हेडगुरुजींनी घड्याळ पुढं केलं, सारंगांनी शाळेच्या वेळात घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळायचं कबूल केलं, आणि दोघांनीही आपलं म्हणणं खरं झालं असं मानलं.

मार्चमध्ये एका रविवारी सारंग माझ्याकडून आखीव कागद आणि पेन्सिल घेऊन गेले. त्यांनी छपराचा नकाशा काढला, वाशांसकट, आणि आक्कांना समोर बसवून विचारायला सुरुवात केली. कुठं गळतं, किती गळतं, कधीपासून. आक्का तांदूळ निवडत होत्या. वर न बघता त्यांनी एकेक गळती सांगितली. ही पोरगी पोटात व्हती तवापासनं. ही तिच्या लग्नाच्या वर्साला. ही वानरांनी कौलं फोडली तवा. उखळापाशी गळतं ते कधीपासून, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की तुमचं लई दिस पत्र आलं नव्हतं, त्या वर्सापासनं. सारंग प्रत्येक ठिकाणी फुली मारत होते. अकराव्या फुलीनंतर त्यांनी तारखा विचारणं बंद केलं. सतरा फुल्या झाल्यावर कागदाची घडी करून खिशात घातली, आणि म्हणाले, "औंदा एक थेंब पडनार न्हाई." त्यांना कुठल्याही गोष्टीचा एवढा ठाम शब्द देताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

गावात दरवर्षी कौलं चाळणारा माणूस येई. सारंगांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग ते घाट उतरून पायी किनाऱ्यावर गेले. तिथं होड्या बांधणारे त्यांच्या ओळखीचे होते. आठवड्यानं परत आले ते एका धनगराच्या तट्टावर काथ्या, राळ, डांबर, जुन्या ताडपत्र्या आणि माशाच्या तेलाचे दोन डबे लादून. त्यांनी सगळी कौलं उतरवली, प्रत्येकावर चुन्यानं आकडा घातला आणि अंगणात रांगेनं मांडली. मग तळहाताला चामड्याचा तुकडा बांधून पंधरा दिवस ताडपत्र्या शिवल्या. वाशांवर ताडपत्री ताणून बसवली, शिवणींवर राळ आणि तेल चोपडलं, वर पुन्हा कौलं चढवली. भिंत आणि छपराच्या मधल्या सगळ्या फटी काथ्यानं ठोकून बंद केल्या आणि त्यावर डांबर फिरवलं. होडीला करतात ते सगळं त्यांनी घराला केलं, फक्त उलटं.

माशाच्या तेलाच्या वासानं गावातली यच्चयावत मांजरं छपरावर येऊन बसली. आक्कांनी नाकाला पदर लावला, पण तक्रार केली नाही. वानरं मात्र त्या वासाला बिचकली आणि त्या वर्षी एकही कौल फुटलं नाही. कोंडिबा रोज येऊन अंगणात उकिडवे बसत आणि काम बघत. त्यांचं स्वतःचं घर चाळणीसारखं गळे. शेवटच्या दिवशी त्यांनी एकच शंका काढली, की पावसात घर तरंगायला लागलं तर सुकाणू कुठं आहे. सारंगांनी ते थट्टा म्हणून न घेता सांगितलं की एवढं पाणी चढत नाही, मी हिशेब केलाय.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. हे सगळं झालं वैशाखात. पाऊस सरला की मृगापर्यंत आक्कांची चूल मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली असे. त्या भागातल्या घरांना धुराडं नसतं. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपला आपण निघून जातो, म्हणून ती वाट कुणी वाट म्हणून मोजत नाही. सारंगांनी रजेत येऊन आणि आता फेब्रुवारीपासून जेवढी जेवणं जेवली ती सगळी अंगणातल्या चुलीवरची. घरातली चूल पेटलेली त्यांनी लहानपणानंतर पाहिलेली नव्हती.

मृग वेळेवर लागला. पहिल्या मोठ्या सरीला आम्ही तिघंही वर बघत उभे होतो. कौलांवर ताशा वाजत होता आणि खाली एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. गाव बघायला आलं. माणसं इरली दारात ठेवून आत येत, माना वर करून उभी राहत आणि परत जात. सारंग कोपऱ्यात उभे असत. माझ्या वह्यांना त्या वर्षी बुरशी आली नाही, माझी पातळं सुकली, माझं पितळी पातेलं मी आक्कांना परत केलं. आक्का मधल्या घरात, कुठल्याही बाजूला भांडं नसलेल्या जागेत, पाय लांब करून निजल्या.

चूल आत आली होती. पहिल्या दिवशी डोळे चुरचुरले तेव्हा सारंग म्हणाले की लाकडं ओली आहेत. त्यांनी कोरडी लाकडं आणून ढीग रचला. तरी घरात धूर कंबरेपासून वर भरून राही. दार उघडावं तर आषाढाची झड थेट चुलीपर्यंत येई, म्हणून दार लावलेलं. सारंग बोटीच्या इंजिनाजवळ वावरलेले, त्यांना धुराचं काही वाटत नसे. मी दिवसभर शाळेत. राहता राहिल्या आक्का, ज्या सकाळ-संध्याकाळ त्या चुलीपुढं बसलेल्या. जूनच्या शेवटी त्यांना खोकला लागला. म्हणजे नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी.

सारंगांनी निदान केलं ते त्यांच्या धंद्याप्रमाणे. खोकला आहे म्हणजे ओल आहे, ओल आहे म्हणजे कुठंतरी फट राहिली आहे. ते हातात पेटता दिवा घेऊन भिंतीच्या कडेकडेनं हिंडत, ज्योत कुठं हलते ते बघत आणि तिथं काथ्या ठोकत. एकेक फट बुजत गेली आणि आक्कांचा खोकला वाढत गेला. मग ते आणखी फटी शोधत.

मी एका दुपारी शाळेतून लवकर आले तेव्हा सारंग पौडाला गेले होते, औषध आणायला. आक्का उंबऱ्यात बसून, अर्धं अंग पावसात ठेवून, दम घेत होत्या. मी त्यांना आत ओढू लागले तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, आत धूर हाय, जरा थांबा. मग माझं तोंड बघून त्यांना कळलं की मला कळलं. "पहिल्या दिवसापासनं ठावं हाय मला. त्यास्नी सांगू नका, बाई. एवढं जीव लावून केलंय." मी म्हटलं की डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवतंय ना. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेच सांगितलं. सांगू नका.

मी सांगितलं नाही. बारा दिवस सांगितलं नाही. एकदा मी त्यांना न विचारता पत्र लिहिलं होतं आणि त्याबद्दल दोन दिवसांचा अबोला भोगला होता, ही एक सबब मी स्वतःला देत असे. पण ती सबबच होती. खरं कारण असं की मलाही कोरडी खोली हवी होती. पेठेतल्या घरासारखी अंथरुणावर निवांत झोप मला मुळशीत पहिल्यांदाच मिळत होती, आणि भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला की मी कूस बदलत असे. याची मला आजही लाज वाटते.

तेराव्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊचा सुमार असेल, पण घरात कंदील लावावा लागत होता. आक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. खोकल्यानं त्यांचे हात थांबत, मग पुन्हा चालू होत. सारंग शिडीवर होते. आढ्याखाली बोटभर फट त्यांना सापडली होती आणि ते तोंडात काथ्याचा तुकडा धरून ती बुजवत होते. मला म्हणाले, शिडी धरा जरा, ओल हितनंच येतीया. मी शिडी धरली. वर पाहिलं तर ज्या एका फटीतून धुराची बारीक रेघ बाहेर जात होती तीच ते बंद करत होते.

"सारंग," मी म्हटलं, "ओल कुठूनच येत नाहीये. धूर कोंडलाय. त्यानं त्यांना खोकला येतोय."

त्यांनी आधी चुलीकडे पाहिलं, मग धुराबरोबर नजर वर नेत छपराकडे, मग तिथून सगळ्या कडेनं फिरवत पुन्हा चुलीकडे. काथ्या तोंडातून काढून खिशात घातला. "तिला ठावं हाय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "कवापासनं?" मी तेही सांगितलं. आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

सारंग खाली उतरले, खुंटीवरचा सुरा घेतला आणि त्या पावसात, डोक्यावर काही न घेता, मागच्या दारानं छपरावर गेले. वरून कौलं सरकल्याचा आवाज आला. मग ताडपत्री फाटल्याचा. ती त्यांनी इतकी चांगली शिवली होती की फाटायला वेळ लागला. पंधरा दिवसांची शिवण त्यांनी चुलीच्या वर आडवी-उभी कापून काढली आणि पहिल्यांदा दिवसाचा उजेड आत आला, त्याच्या मागोमाग पाणी. चुलीचा एक कोपरा चर्र झाला. घरातला सगळा धूर एकदम वर निघाला. पलीकडून कोंडिबांनी सारंगांच्या छपरातून धुराचा लोट निघालेला पाहिला आणि घर पेटलं असं समजून ते भर पावसात पाण्याची बादली घेऊन धावत आले. दारात आल्यावर त्यांनी छपरावर नखशिखांत भिजलेले सारंग पाहिले, हातातली बादली पाहिली, आणि ती कुठं ठेवावी ते न कळून तशीच धरून उभे राहिले. आक्कांनी उठून ती त्यांच्या हातातून घेतली, अंगणात रिकामी केली आणि चुलीशेजारी, जिथं धार पडत होती तिथं मांडली.

सारंग आत आले. अंगातून पाणी निथळत होतं. ते आक्कांच्या समोर खाली बसले. आक्कांना मोकळा श्वास लागला होता. छाती अजून वाजत होती, पण हात चालू होते. सारंग म्हणाले, "बोलायचं न्हाई व्हय?"

आक्कांनी भाकरी उलटली. "अठ्ठावीस वर्सांत पहिल्यांदा पावसात घरी हायसा तुमी," त्या म्हणाल्या. "त्यात आनी तक्रार कशाची करायची?"

कोंडिबा तेव्हा निघून गेले. मीही माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला रडू आलं ते आक्कांसाठी की त्या बारा रात्रींसाठी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पुढचे चार दिवस चुलीवर गळत राहिलं आणि पाऊस थोडा उघडला तसे सारंग कामाला लागले. त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापून पत्र्याचा एक वाकडा भोंगा केला, बोटीवर हवा घ्यायला असतो तसा, आणि कापलेल्या जागी छपरात बसवला. भोंग्याचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून ठेवलं की धूर बाहेर जाई आणि पाऊस आत येत नसे. वारा फिरला की भोंगा फिरवायचा. त्यासाठी त्याला एक दोरी लावून ती चुलीपर्यंत खाली सोडली होती. महिन्याभरात ती दोरी आक्कांच्या हातात गेली. भाकरी थापता थापता त्या कौलांवरचा आवाज ऐकत, डाव्या हातानं दोरी ओढत, आणि सारंगांनी ओट्यावरून वारा कुठला ते सांगायच्या आत भोंगा फिरलेला असे. ते दोन-तीनदा सुधारायला आत आले आणि तसेच परत गेले. पुढच्या उन्हाळ्यात कोंडिबांनी स्वतःसाठी एक भोंगा मागितला. मग आणखी चार घरांवर बसले.

आक्कांचा खोकला गेला नाही, पण पूर्वीसारखा दिवाळीला जायला शिकला. मी त्या घरात आणखी तीन पावसाळे काढले. उखळापाशी पुढं एक गळती पुन्हा सुरू झाली. सारंगांनी ती बुजवायचं म्हटलं तर आक्का म्हणाल्या ऱ्हाऊ द्या, पाऊस थांबल्याचं त्यानं कळतंय. सारंगांनी ती ठेवली. संध्याकाळी दोघं चुलीशी बसलेले असत. बोलणं फारसं नसे. अठ्ठावीस वर्षांत बोलायचं राहिलेलं असेल, अशी माझी समजूत होती, पण त्यांना त्याची घाई दिसली नाही.

माझी बदली उरवड्याला झाली तेव्हा माझी ट्रंक सारंगांनी एसटीच्या टपावर स्वतः चढून बांधली. गाडी उरवड्याला पोचल्यावर कंडक्टर आणि दोन हमाल मिळून ती दोरी सोडवत बसले आणि शेवटी कापली. त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. मग लग्न, मुलं, पुण्याची शाळा, असं करत जाणं राहत गेलं. पत्रं होती. सारंगांची पत्रं चार ओळींची असत आणि त्यात आक्कांनी काय सांगितलं ते पहिल्या ओळीत असे.

ब्याऐंशी सालच्या श्रावणात पोस्टकार्ड आलं. तीच मोठी, एकमेकांपासून फटकून उभी अक्षरं. मी ते जिन्यातच वाचलं आणि तिथंच पायरीवर बसून राहिले. वर गेल्यावर घरच्यांनी विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना, म्हणून मी कार्डच त्यांच्या हातात दिलं. त्यात एवढंच लिहिलेलं होतं:

"आक्का सोमवारी दुपारी गेली. पाऊस लई होता. मी घरीच होतो."